सहावी फाइल

१

सोमवारी सकाळी कल्याणच्या बालगृहात कपाटातला गठ्ठा टेबलावर आला. त्यात सहा फायली असायला हव्या होत्या. निघाल्या पाच.

अधीक्षिका नीरजा कारखानीस यांनी त्या पुन्हा मोजल्या. मग उभ्या राहून मोजल्या. माणूस उभं राहिलं म्हणून कागद वाढत नसतात, पण घाबरलेल्या जिवाला तेवढं कुठलं सुचायला! कपाटाचे पाचही कप्पे उपसून झाले, टेबलाखाली वाकून झालं, आणि मग त्यांनी डोंबिवलीला फोन लावला.

वासंती पेठे तेव्हा डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरी देवाला फुलं वाहत होत्या. रामनवमीचा कीर्तनसप्ताह चालू होता. रोज संध्याकाळी पाचला त्या देवळात पहिल्या रांगेत असत. पस्तीस वर्षं परिवीक्षा अधिकारी म्हणून त्यांनी ठाणे जिल्हा पायाखाली घातला होता. आता निवृत्त होऊन त्या या बालगृहाच्या व्यवस्थापन समितीवर होत्या.

"वासंतीताई, समीक्षाची फाइल गेली."

"गेली म्हणजे? पाय फुटले का तिला?"

"थट्टा नको हो ताई. गुरुवारी बैठक आहे."

वासंतीताईंचा हात फुलांच्या परडीवरच राहिला.

समीक्षा ही चार वर्षांची कातकरी पोर. डिसेंबरात कल्याणच्या बाजारात खेकड्यांच्या टोपलीशेजारी ती एकटीच सापडली होती. सोबतची आजी भोवळ येऊन पडली, लोकांनी तिला दवाखान्यात हलवलं, आणि त्या गडबडीत पोर मागे राहिली. आजी त्याच रात्री वारली. पोरीला नाव विचारलं तर ती नुसती बघत राहायची, म्हणून बालगृहानं तिला समीक्षा म्हणायला सुरुवात केली. बाजारातल्या बायकांकडून मुरबाडकडच्या एका कातकरवाडीचं नाव कळलं, पण आईबापांचा पत्ता लागला नाही, असं कागदावर होतं.

गुरुवारी ठाण्याला बाल कल्याण समिती बसायची होती. चार महिने शोधूनही आईबाप सापडले नाहीत असं एकदा ठरलं, की पोर दत्तकासाठी मोकळी. मग तिचं नाव देशाच्या यादीत चढणार आणि ती कुठल्या गावी, कुठल्या मुलखात जाईल ते देवालाच ठाऊक. त्यानंतर आई दारात येऊन उभी राहिली तरी तिला दाखवायला पोर नसणार.

"कुलूप फोडलंय?" वासंतीताईंनी विचारलं.

"नाही. किल्ली नेहमीसारखी खिळ्याला होती." नीरजाबाईंचा आवाज खाली गेला. "ताई, हे बाहेरच्याचं काम नाही. आपल्यातल्याच कुणीतरी नेलीय."

२

अकराच्या सुमारास वासंतीताई बालगृहात पोचल्या. दुर्गाडीच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी दुमजली इमारत. अंगणात तुळशीवृंदावन, पलीकडे मुलांचे वाळत घातलेले कपडे. पायरीवर समीक्षा बसली होती. दुसरी मुलं पकडापकडी खेळत होती, आणि ही काळजीवाहक मालनमावशीच्या पदराचं टोक मुठीत धरून त्यांच्याकडे बघत होती.

कचेरीत शिरल्याबरोबर वासंतीताईंनी फायलींना हात न लावता त्यांची लाल नाडी उचलली.

"ही कुणी बांधलेली?"

"मीच. शनिवारी दुपारी. सहाही फायली एकत्र करून, बुटाची नाडी बांधतात तशी बांधलेली."

"आणि आज सकाळी सोडली तेव्हा?"

नीरजाबाई आठवू लागल्या. "आज पटकन सुटेना. गाठच नव्हती, ताई. दोन्ही टोकांना नुसता पीळ दिलेला आणि पीळ खाली खोचून टाकलेला. मी म्हटलं, घाईत मीच काहीतरी केलं असेल."

वासंतीताईंनी नाडी पर्समध्ये ठेवली.

शनिवारी संध्याकाळी नीरजाबाई लवकर घरी गेल्या होत्या. मागे तिघं मोठी माणसं होती: केसवर्कर सर्वेश, मालनमावशी आणि फाटकावरचा दगडू. त्यांतला सर्वेश आधी आत आला. तिशीचा, डोंबिवलीतच वाढलेला, समाजकार्याची पदवी घेतलेला पोरगा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एवढी मोठी फाइल हरवली म्हणून त्याचा चेहरा पडलेला असायला हवा होता. वासंतीताईंना मात्र तो दाढदुखी थांबलेल्या माणसासारखा दिसला.

"ताई, टेन्शन नका घेऊ. माझा रिपोर्ट ऑनलाइन चढवलेला आहे. प्रिंट काढू, समितीपुढे ठेवू. काही अडणार नाही."

"म्हणजे फाइल नसली तरी चालेल?"

"चालेल म्हणजे... चालवून घेतील."

"शनिवारी किती वाजता गेलास?"

"साडेसहा. प्रिंटरजवळ होतो. कपाटाकडे गेलेलो नाही मी, आईशप्पथ."

"मी विचारलं नव्हतं रे कपाटाचं," वासंतीताई म्हणाल्या. "काढ ती प्रिंट."

प्रिंट दीड पानाची. त्यात सगळ्या अहवालांत असतात तीच वाक्यं. वासंतीताई चष्मा लावून वाचू लागल्या: 'दिनांक बारा जानेवारी रोजी सदर वाडीस समक्ष भेट दिली. घरास कुलूप आढळले. शेजाऱ्यांकडे चौकशी केली असता कुटुंबाचा ठावठिकाणा माहीत नसल्याचे समजले.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग प्रिंटची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ज्या कातकरवाड्यांत त्या पस्तीस वर्षं गेल्या होत्या, तिथल्या एकाही खोपटाला त्यांनी कधी कुलूप पाहिलं नव्हतं. आत कुलूप लावून ठेवावं असं काही असायला हवं ना! दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्टीवर निघते. निघताना दाराच्या ताटीला बाभळीची फांदी आडवी लावतात, कुत्रं शिरू नये म्हणून. आणि शेजारी? जानेवारीत त्या वाडीत चिटपाखरू नसतं. मग हा मुलगा कुठल्या घराचं कुलूप बघून आला, आणि कुठल्या शेजाऱ्यांशी बोलून आला?

३

फाटकावर दगडू स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. गाव साताऱ्याकडचं, कल्याणात पंचवीस वर्षं. वासंतीताईंना पाहून त्यानं तंबाखू खिशात कोंबली.

"दगडू, शनिवारी संध्याकाळी बाहेर कोण कोण गेलं?"

"सर्वेशसाहेब गेले. हातात हेल्मेट, दुसरं काय नाय. आन मालन गेलती सातला, निर्माल्य घिऊन खाडीवर. दर शनिवारी जाती."

"पिशवी होती हातात?"

"होती की. चांगली भरल्याली. म्या म्हणलं, मालन, आज देवानं लईच फुलं खाल्ली का काय! तर बोलली बी नाय."

वासंतीताईंनी मान डोलावली. "आणि समीक्षाला भेटायला कधी कुणी आलेलं? चार महिन्यांत?"

"नाय. वहीत बगा, येक बी नाव नाय."

"वहीत नाही ते बघितलं मी. तुझ्या डोळ्यांनी काय पाहिलंस ते विचारतेय."

 रस्त्यावरून रिक्षा गेली, तिच्याकडे दगडूनं उगाच बघितलं.

"आता ताई, फालतू मान्सं आत सोडायची नाय, आर्डर हाय. आधार कार्ड बगायचं, मग सोडायचं. तिच्याकडं नव्हतं."

"तिच्याकडं? कुणाकडं?"

"येक काळी बाई याची. दोन येळा आली, दोन्ही येळा मंगळवारीच. हितं लादीवर बसली आन सगळी लादी घाण करून ठेवली. लुगड्याला गुडघ्याएवढा काळा चिखल वाळल्याला, त्याची ढेकळं पडत्यात. मला पुसाया लागलं ते. पहिल्या टायमाला मीच घालवून दिली."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"सर्वेशसाहेब आले भायेर. येका कागदावर अंगठा घेतला तिचा आन लावून दिली."

"दगड्या," वासंतीताईंनी दरडावलं, "कोण होती ती बाई?"

"म्हनत होती," दगडूनं खाली बघितलं, "पोरीची आई हाय म्हनून."

४

सर्वेशला त्यांनी वरच्या मजल्यावर, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. त्याखाली तो छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"वाडीत गेला नाहीस तू."

तो बोटांनी बाकाची कड खरवडू लागला.

"तिथं कुलूप लावायला दार नाही, बाळा."

तेव्हा तो कोसळला. "ताई, नव्वद मुलं आहेत माझ्याकडे. नव्वद! एका वाडीला जायचं म्हणजे आख्खा दिवस. पोलीस पाटलाला फोन केलेला मी, तो म्हणाला कुणी नाहीये. मग नेहमीचा फॉरमॅट होता तो भरला. मला काय माहीत तिथं कुलपं नसतात!"

"आणि आई आली तेव्हा?"

"रिपोर्ट चढवून दोन महिने झालेले. आता आई आहे म्हटलं तर पहिला प्रश्न मला, की तू शोधलं काय? बाजारातल्या बायकांकडून पत्ता काढत आलेली ती. अर्ज लिहून घेतला मी तिचा. भट्टीचा पत्ता पण लिहिला. फाइलला लावला. पण समितीला कळवायचं राहिलं... कळवलं नाही."

"तिला काय सांगितलंस?"

"म्हटलं, आता परत येऊ नका. आम्ही बोलावू."

खाली मुलं जेवायच्या आधीचा श्लोक म्हणू लागली. तो संपेपर्यंत वासंतीताई थांबल्या.

"अर्जाची नोंद? आवक वहीत?"

"नाही."

"मोबाइलवर फोटो?"

"नाही काढला."

"पत्ता आठवतोय?"

त्यानं डोकं हलवलं. "भट्टीवाल्याचं नाव होतं काहीतरी. बाईचं नाव यमी हिलम. तेवढंच आठवतं."

म्हणजे ही आई या जगात आहे याला एकच कागद साक्षी होता, आणि तो सहाव्या फाइलीत होता.

"कुठं टाकलीस फाइल?" दारातून नीरजाबाई किंचाळल्या. त्या केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. "तुझंच काम हे! तुलाच ती नको होती!"

"नाही हो मॅडम! नकोशी होती, खरंय. हरवली म्हणून बरं वाटलं, तेही खरंय. पण मी नाही नेली!"

"तो खरं बोलतोय, नीरजा," वासंतीताई म्हणाल्या. "याला नको होता एक कागद. वाचता येणारा माणूस तेवढा एक कागद उपसून घेतो आणि फाइल जागेवर ठेवतो, म्हणजे कुणाला संशयही येत नाही. अख्खी फाइल कोण नेतं? ज्याला तिच्यातलं काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते वाचता येत नाही तो."

"मग त्याला सहांमधली हीच कशी कळली?"

"मुखपृष्ठावर पोरीचा फोटो आहे."

नीरजाबाईंनी हळूच जिन्याखाली पाहिलं. खालून एक बाई समीक्षाला भरवताना काऊचिऊची गोष्ट सांगत होती.

५

मालन तांदूळ निवडत होती. मांडीला टेकून समीक्षा झोपली होती. वासंतीताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"मालन, लहानपणी मोळ्या वाहिल्यास ना गं डोंगरातून?"

"व्हय तर. सरळगावच्या वरच्या अंगाला. सा वर्साची व्हते तवापास्नं. का वो ताई?"

वासंतीताईंनी पर्समधून लाल नाडी काढून तिच्यापुढे ठेवली. "मोळीला गाठ मारत नाहीत. वेलीला पीळ द्यायचा आणि टोक खाली खोचायचं. तुझ्या हाताला तेवढंच ठाऊक. शनिवारी तू घाईत हे पाच फायलींना बांधलंस."

मालनचे हात तांदळात थांबले.

"आणि दुसरं सांगते. येताना तुळशीमागं बघून आले मी. शुक्रवारची झेंडूची फुलं, शनिवारचे हार, सगळं तिथंच पडलंय, कुजायला लागलंय. निर्माल्य इथंच राहिलं. मग ती भरलेली पिशवी कशाची होती गं?"

मालननं समीक्षाच्या कानावर तळहात ठेवला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"खाडीत सोडली," ती म्हणाली. "दुर्गाडीच्या देवीच्या पायथ्याशी."

मागे उभ्या असलेल्या नीरजाबाईंनी खाडीच्या दिशेनं पाहिलं.

"बावीस वर्सं झाली ताई मला हितं. किती पोरं आली न् किती गेली. येतात तवा रडतात, मग लळा लावतात, मग येक दिस गाडी येते. फोटो काढतात, पेढे वाटतात. मला बी येक पेढा. मी कधी काय बोलले? पन ही पोर दोन म्हयने बोललीच नाय. पयला सबुद बोलली तो मला 'आये' म्हनून." तिनं डोळे पुसले नाहीत. हात पोरीच्या कानावरच होता. "म्या इच्यार केला, कागदच नसला तर नेत्याल कशी? कागदाबिगर तुमचं कायबी हालत नाय, येवढं मला कळतंय. पोर राहील हितंच. आनखी दोन वर्सं तरी राहील."

"मालन, त्या फाइलीत तिच्या खऱ्या आईचा अंगठा होता. ती दोनदा येऊन गेली. पोर मागायला."

मालननं आधी नीट ऐकलं नसावं. मग हळूहळू ते तिच्यापर्यंत पोचलं.

"मला कुनी सांगितलं नाय," ती पुटपुटली. "मंगळवारी माजी सुट्टी असती. आई हाय? जित्ती हाय?"

"जिवंत आहे. आणि ती आहे हे सांगणारा एकच कागद तू पाण्यात सोडलास."

वासंतीताईंच्या देवळातले कीर्तनकार बुवा एकदा म्हणाले होते, कथेत चोर सापडला की मंडळी टाळ्या वाजवतात. पण चोराच्या आत देव सापडला की टाळ वाजवणाऱ्याचाही हात थांबतो. त्या उठल्या. मालनला त्यांनी बोल लावला नाही. काय लावणार?

६

मंगळवार उजाडला. नऊ वाजल्यापासून वासंतीताई फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. मंगळवारीच ती दोनदा आली होती; कोण जाणे, आजही येईल. बारा वाजले, तीन वाजले. दगडूनं न विचारता दोनदा चहा आणला. संध्याकाळी सहाला त्या उठल्या. ती आली नव्हती. 'परत येऊ नका' असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि साहेबांचं ती ऐकत होती.

"कल्याण-भिवंडीत भट्ट्या किती असतील, ताई?" सर्वेशनं विचारलं. आदल्या रात्री तो झोपला नव्हता. "शंभर? एक दिवस राहिलाय."

"मंगळवारीच का यायची? त्या दिवशी भट्टी बंद असणार, गावचा बाजार असणार म्हणून. मंगळवारी बाजार असलेली गावं इथं दोन-तीनच. आता चिखल. ऐन चैत्रात पाऊस नाही, मग गुडघ्याएवढा चिखल कुठला? भट्टीची माती तांबूस असते. काळा गाळ असतो नदीत. म्हणजे ही बाई काळू नदी पायी ओलांडून यायची. पूल लांब पडतो, आणि रिक्षात तिला कुणी घेत नसेल. पलीकडच्या काठावर, मंगळवारच्या बाजाराजवळ, चार भट्ट्या असतील फार तर."

तिथं तीनच भट्ट्या निघाल्या. बुधवारी सकाळी दोघं रिक्षानं पुलावरून पलीकडे गेले. पहिल्या भट्टीवर हिलम कुणी नव्हतं. दुसऱ्या भट्टीचा मुकादम आधी अंगावर आला, मग वासंतीताईंनी कायद्याची दोन कलमं तोंडपाठ म्हटल्यावर बाजूला झाला. तिथंही यमी नव्हती. तिसऱ्या भट्टीवर उन्हात कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा होत्या, आणि त्यांतून ओणवी होऊन एक बाई एकेक वीट कुशीवर वळवत चालली होती.

सर्वेशला तिनं लांबूनच ओळखलं. वीट तशीच सोडून ती पळत आली, आणि चार हातांवर थांबली. जवळ यायची परवानगी आहे की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

"साहेब, बोलवाया आलं?"

 वासंतीताई पुढे झाल्या. "हो बाई. उद्या ठाण्याला यायचंय. पोरीसाठी."

"सोमी बरी हाय ना? जेवती ना?"

चार महिन्यांनी पोरीचं नाव कळलं. सोमी.

"बरी आहे. ओळखायला काही खूण आहे का गं तिच्या अंगावर? तिथं विचारतील."

"डाव्या कानामागं भाजल्याचा डाग. चुलीचा." तिनं स्वतःच्या कानामागं बोट लावून दाखवलं. मग जरा थांबून विचारलं, "आन माजी आये? पोर तिच्यासंगं व्हती. ती बी तुमच्याच हाफिसात हाय ना?"

वासंतीताईंनी सर्वेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"तिनं मला तेव्हाही विचारलेलं," तो कसाबसा म्हणाला. "मी म्हटलं, बघतो."

ते सांगणं वासंतीताईंच्याच वाट्याला आलं. त्यांनी यमीचा मातीनं भरलेला हात हातात घेतला आणि सांगितलं: दवाखाना, ती रात्र, आणि बेवारस म्हणून झालेला अंत्यविधी. यमी रडली नाही. ती खाली बसली आणि विटांच्या रांगेकडे बघत राहिली.

"दिवस कुनी घातलं?" मग तिनं विचारलं.

वासंतीताईंनी जन्मभर कीर्तनं ऐकली होती. दुःखाच्या प्रत्येक प्रसंगाला त्यांच्याकडे एक ओवी असायची. त्या दिवशी एकही आठवली नाही.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

७

गुरुवारी ठाण्याच्या बैठकीत समोर पाच फायली आणि एक प्रिंट होती. सोमीचा क्रमांक आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. अध्यक्षबाईंनी प्रिंट चाळली.

"पालकांचा शोध लागलेला नाही, असं दिसतंय. केसवर्कर, आपण समक्ष गेला होतात?"

सर्वेश उभा राहिला. वासंतीताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. आदल्या दिवशी रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या होत्या: कागद गेला रे, आता तुझं तोंड हाच कागद. गप्प बसलास तर तुझी नोकरी राहील, पोर जाईल.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "मी गेलो नव्हतो. ते कुलूप मी मनानं लिहिलं. आणि मुलीची आई माझ्याकडे आली होती. तिचा अर्ज मी समितीपुढे आणला नाही. तो अर्ज आज नाहीये, पण मी घेतला होता. ती बाहेर बसलीये."

 मग मागच्या बाकावरून मालन उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"आन फाइल म्या बुडवली," ती म्हणाली. "ल्हिऊन घ्या."

ते लिहून घेतलं गेलं. सर्वेशवर चौकशी लागली. नीरजाबाईंनी मालनला महिनाअखेरीपासून कामावर यायला नको म्हणून सांगितलं.  यमीला आत बोलावलं. कानामागचा डाग पडताळला. बाजारातल्या दोन बायका साक्षीला आल्या होत्या. साडेतीनला आदेश झाला: मूल आईच्या ताब्यात, एक वर्ष देखरेखीच्या अटीवर.

पण आदेश चार वर्षांच्या पोरीला वाचता येत नाही. बाहेरच्या व्हरांड्यात यमीनं हात पुढे केले, "सोमे, ये," म्हणाली, आणि सोमी मालनच्या निऱ्यांमध्ये शिरली. यमी दोन पावलं पुढे आली, तर पोरीनं किंकाळी फोडली.

"आये! आये!" ती ओरडत होती, मालनला बिलगून.

त्या नावाची खरी धनीण समोर उभी होती. तिनं हात हळूच मागे घेतले.

 एक आई उन्हातून नदी ओलांडून आली होती, तर दुसरीनं त्याच पोरीपायी फाइल पाण्यात सोडली होती, आणि दोघींच्या मध्ये ती पोर श्वास लागेपर्यंत रडत होती.

मालन खाली बसली. पोरीची बोटं तिनं एकेक करून पदरातून सोडवली. तिला उचललं, यमीच्या खांद्यावर ठेवलं आणि पोरीच्या पाठीवर हात दाबून धरला. पोर झटके देत होती, लाथा मारत होती. हळूहळू दमली. हुंदके राहिले.

यमी तशीच उभी होती, खांद्यावरचं ओझं अनोळखी असल्यासारखी. मग तिनं मालनकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. अडलेला माणूस वाट विचारतो, तशी ती अवघडून बोलली.

"बाय, राती कशी निजती गं ही?"

मालननं पोरीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. 

"डाव्या कुशीवर," ती म्हणाली. "तोंडात अंगठा घालंल, काढू नगंस. पाठीवर तीनदा थापटायचं, मग थांबायचं. थांबलीस की डोळं उघडून बगती, कोन हाय का म्हनून. तवा पुन्यांदा थापटायचं. दिवा समदा मालवू नगंस."

यमी एकेक शब्द ओठांत पुटपुटत होती, पाठ करत होती.

"आन पाणी?"

"मधी येकदा मागती. पेला तिच्या हातात दे, तू धरू नगंस."

"बरं," यमी म्हणाली. आणि खांद्यावरच्या पोरीच्या पाठीवर तिनं, शिकणाऱ्या हातानं, तीनदा थापटलं.